निवृत्ती दोन वर्षे पुढे गेली आहे

पुणे, 2 जून

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मृगाच्या आत कायमची गुहागरला येते, असे वर्षभर सांगत होते. पण संस्थेने देऊ केलेली दोन वर्षांची मुदतवाढ मी मागच्या सोमवारी स्वीकारली. फोनवर सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून हे पत्र. दोन मुलींचे प्रबंध अर्ध्यावर आहेत, मार्गदर्शक मध्येच बदलला की त्यांची वर्षे फुकट जातात, आणि ज्या एन्झाइमच्या मागे आम्ही सहा वर्षे आहोत ते आता कुठे शुद्ध स्वरूपात हाती येऊ लागले आहे. ही सगळी कारणे खरी आहेत. तरी तुमच्यापासून काय लपवायचे? मला अजून हे काम सोडवत नाही.

बाबा, आमच्या फ्रीजरची वीज रात्रभर गेली होती आणि माझी आठ महिन्यांची प्रथिने वितळून निकामी झाली होती, तेव्हा मी एसटीडी बूथवरून रडत फोन केला होता. तुम्ही एवढेच म्हणालात, "कलम मेलं तर दुसरं बांधायचं." त्या दिवशी घरी परत बोलावले असतेत तर मी आले असते. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ बाई म्हणून आधी नकार मिळाला होता, हेही मला तुम्हीच सांगितले होतेत. आता तक्रार कुणाकडे करणार?

आई, माळ्यावर पेंढ्यात लावलेली अढी तू रोज हुंगून बघायचीस आणि मला फक्त डागी आंब्याला हात लावू द्यायचीस. पिठूळ कैरीतल्या स्टार्चची साखर कशी होते, हे मी पुढे पुस्तकात वाचले. वास मात्र तुझ्या माळ्यावरच ओळखीचा झाला होता.

आता बाबांसाठी. तपासणीआधी दोन दिवस आंबा बंद करून एचबीए1सी ही साखरेची रक्तचाचणी फसत नाही. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि तिच्यातल्या हिमोग्लोबिनला तेवढ्या काळातली साखर चिकटत जाते, त्यामुळे एप्रिलपासूनचे सगळे आंबे त्यात दिसतात. मी रागावले नाही. जेवणानंतर एक फोड घ्या, पण चोरून खाऊ नका. इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवू नका. तेही प्रथिनच, एकदा गोठले की वितळल्यावरही त्याचा भरवसा नाही. गोठलेली बाटली सरळ टाकून द्यावी, पैशांचा विचार करू नये. पावसाळ्यात वीज गेली की फ्रीज सारखा उघडू नये, हे आईने बघावे.

पडवीतल्या पायरीला कठडा बसवायला सुताराला सांगितले आहे, तो गुरुवारी येईल. त्याला परत पाठवू नका. रात्री सोबतीला येणाऱ्या काकूंचे पैसे मी इथूनच पाठवीन.

गणपतीला कुंभार्ली घाटाने दहा दिवस आधीच येते. तोपर्यंत रागावायचे असेल तर रागवा, पण रविवारी फोन उचला.

तुमची,
बेबी