कॅज्युअल्टीतल्या त्या सिस्टरना थँक्यू

सिस्टर, तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, उगाच ड्युटीवर कोणी तुम्हाला बोलायला नको. पण ठाण्यात त्या रात्री तुम्ही नाइटला होतात म्हणून माझ्या भावाला नक्की काय झालंय ते कळलं, हे चारचौघांत सांगायचंच होतं.

आम्ही धडगावकडचे, नंदुरबार जिल्हा, पावरा आदिवासी. भाऊ रबाळे एमआयडीसीत कामाला. थंडी पडली की लहानपणापासून हातपाय धरून बसायचा. इकडे ज्या ज्या डॉक्टरला दाखवलं त्यांनी आधी गाव विचारलं, आणि गाव ऐकलं की पुढचं ठरलेलंच, दारू किती पितोस, जेवण नीट नसेल, आधी भगताकडे जाऊन आलात का. अहो, तो दारूला शिवतसुद्धा नाही. त्या रात्री मांडी आणि कमर इतकी दुखत होती की स्ट्रेचरची कड सोडत नव्हता, आणि ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, एक्स-रे नॉर्मल आहे, आदिवासी लोक तर काटक असतात, एवढा आरडाओरडा कशाला? मी शेजारीच उभी होते.

गाव तुम्हीही विचारलंत. पण लगेच पुढे, घरात अजून कोणाला असं दुखतं का, सिकलसेलची टेस्ट कधी झालीय का? मग मोबाईलचा टॉर्च लावून, खालची पापणी ओढून डोळ्यातला पिवळेपणा मला दाखवलात (आमच्या रंगावर कावीळ कातडीवर कुठे दिसायला!). डॉक्टरांशी वाद नाही घातलात, फक्त "सर, सॉल्युबिलिटी पाठवूया का" (सिकलसेलची पहिली रक्ततपासणी) एवढंच, आणि त्यांच्याकडून लिहून घेऊन दुखण्याचं इंजेक्शन, सलाईन, वर अजून एक ब्लँकेट. सॉल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली, नंतर इलेक्ट्रोफोरेसिस या पक्क्या तपासणीत एसएस, म्हणजे आईवडील दोघांकडून सिकलसेलचं जीन आलेलं, आजारच. यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून ती कळ, आणि ती एक्स-रेत दिसेलच असं नाही, हे तुम्हीच समजावलंत. हे फक्त आदिवासींचंच दुखणं असंही समजू नका, विदर्भात इतर समाजांतही आहे, हेही सांगितलंत.

नंतर मी वाचत बसले तर अमेरिकेतही तीच तऱ्हा. तिथे सिकलसेलचे बहुतेक पेशंट कृष्णवर्णीय, कळ आली म्हणून इमर्जन्सीत गेले की नशेसाठी इंजेक्शन मागतायत असा संशय घेतात. २०१६ च्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात तर जवळपास निम्म्या गोऱ्या मेडिकल स्टुडंट आणि रेसिडेंटना काळ्या लोकांच्या शरीराबद्दलची एकतरी खोटी समजूत खरी वाटत होती, त्यांची कातडी जाड असते वगैरे. म्हणजे तिथलं "काटक"च की ते!

भावाला आता हायड्रॉक्सीयुरिया (कळ कमी वेळा यावी म्हणूनचं औषध) आणि फॉलिक ॲसिड चालू आहे, पाण्याची बाटली कायम सोबत असते, सुपरवायझरलाही कळवलंय. मी पण टेस्ट केली, मी वाहक निघाले, म्हणजे जीन एकाच बाजूने आलंय, आजार नाही, पण पुढे मुलांना जाऊ शकतं. नवराबायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला हा आजार व्हायची शक्यता २५ टक्के, त्यामुळे आमच्याकडे लग्नं जुळवताना आता पत्रिकेआधी हा रिपोर्ट बघायचा असं मी आईला बजावलंय, आई अजून कुरकुरतेय. मावशीच्या पोरांनाही तपासणीला पाठवतेय, २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू आहे त्यात होते.

आणि हो, धडगावचं आमचूर आणून ठेवलंय तुमच्यासाठी. नाइट कधी आहे तेवढं कळवा, भाऊ स्वतः घेऊन येईल.