आजीचा नमस्कार

प्रिय बाळा,

आजीला जाऊन महिना झाला, त्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, काल झाली. त्या दिवशी फोनवर तू म्हणालास, "पप्पा, आजी रोज देवळात जाऊन काय मिळवायची? सगळं वरवरचंच ना?" घरात माणसं होती, म्हणून मी विषय बदलला.

आजी लग्न होऊन आपल्या वाडीत आली १९६१ साली. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये, फादर वेदीकडे तोंड करून. आजी चौथी शिकलेली. लितानीला, म्हणजे संतांची नावं घेत केलेल्या विनवणीला, सगळ्यांबरोबर 'ओरा प्रो नोबिस' म्हणायची आणि तेच घरी रहाटावर बैल हाकतानाही. अर्थ विचारला तर म्हणायची, "देवाला कळतं ना? मग झालं." रोमला १९६२ ते ६५ जगभरच्या बिशपांची धर्मसभा भरली आणि पुढे मिस्सा मराठीत आली. बाकीच्या बायका खूश, आजी नाराज. 'ओरा प्रो नोबिस'चं मराठी, 'आमच्यासाठी विनंती कर', हे तिला शेजारणीकडे वाटीभर साखर मागितल्यासारखं वाटायचं.

नव्या मिस्सेत आणखी एक भानगड होती, शांतीच्या नमस्काराची. फादर सांगणार, एकमेकांना शांती द्या, की शेजारच्याकडे वळून हात जोडायचे. आणि आजीच्या शेजारी कोण, तर पलीकडची आजी, म्हणजे माझ्या काकी! सख्ख्या जावा, विहीर एकच, आणि पाण्याच्या पाळीवरून १९७४ पासून अबोला. उन्हाळ्यात एक पाळी चुकली की पानवेली माना टाकतात, त्यामुळे भांडण अगदीच उगाच नव्हतं. पण चूक आजीचीच होती. इंजिन तिनं अर्धा तास जास्त चालवलं होतं. मरेपर्यंत कबूल केलं नाही.

जागा बदलता आली असती, पण दोघींनीही ती सोडली नाही. लाल लुगडं, डोक्यावर पदर, हात जोडलेले, नजर जमिनीकडे. मी आजीला लागूनच बसायचो, म्हणून दिसायचं. सकाळी मिस्सेत नमस्कार, घरी आल्यावर पुन्हा अबोला. मीही तेव्हा याला ढोंगच म्हणायचो.

मग एकदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात पलीकडची आजी दोन दिवस देवळात दिसली नाही. तिसऱ्या दिवशी मी आजीच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो. नमस्काराला ती सवयीनं तिकडे वळली, तर जागा रिकामी. हात तसेच जोडलेले राहिले. आणि अंगात ताप असतानाही शेवटचा आशीर्वाद न चुकवणारी आजी मिस्सा संपायच्या आत उठली. मी मागून धावलो. पलीकडच्या पडवीत काकी तापानं फणफणलेल्या. आजी त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. चूल पेटवली, पेज टाकली आणि मला म्हणाली, "जा, इंजिन चालू कर. तिच्या वेलींना पाणी सोड."

माफीबिफी कुणी मागितली नाही. पाण्यावरून कुरबुरी नंतरही झाल्याच.

गेल्या महिन्यात आजीला शेवटचं लुगडं नेसवलं ते काकींनी. तुझ्या आईनं पदर सारखा केला, तर तो सोडून पुन्हा आपल्या हातानं लावला. काल मिस्सेत त्या जुन्याच जागी होत्या. शांतीच्या नमस्काराला आधी रिकाम्या जागेकडे वळल्या, मग माझ्याकडे.

त्यांनी तुझ्यासाठी सुकेळी वाळत घातलीत. कुवेतला येणारं कुणी असेल तर कळव.

तुझे,
पप्पा