ऑक्सिमीटरला न दिसणारा वायू

महोदय,

कोरोनापासून ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. आकडा पंचाण्णवच्या वर दिसला की आपण निर्धास्त होतो. माझ्या आईच्या बाबतीत हेच अंगाशी येत होते. उभा जन्म चुलीच्या धुरात गेलेला, त्यामुळे तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. त्या रात्री धाप लागली म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात तिला भरपूर ऑक्सिजन लावला. ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता आणि आई हाकेला ओ देईना. दमली आहे, झोपू द्या, असे सगळे म्हणत राहिले.

जिल्ह्याच्या ठिकाणी नेल्यावर डॉक्टरांनी मनगटाच्या धमनीतून रक्त घेतले, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढला आणि नमुना लगेच यंत्रात घातला. काही मिनिटांत कागद हाती आला. कार्बन डायऑक्साइड ७८. असायला हवा ३५ ते ४५. ऑक्सिमीटरला हा वायू दिसतच नाही! अशा रुग्णांना जास्त ऑक्सिजन दिला की हा वायू रक्तात साठू शकतो, म्हणून त्यांचा ऑक्सिजन साधारण ८८ ते ९२ टक्क्यांवरच राखायचा असतो, हेही मला तेव्हाच कळले. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र, लावले. दुसऱ्या दिवशी आईने चहा मागितला.

ही एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू मोजणारी तपासणी. यंत्र टेबलावर मावते. नमुना मात्र साधारण अर्ध्या तासात तपासावा लागतो, त्यामुळे तो गाडीने जिल्ह्याला पाठवून भागत नाही. निदान प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात हे यंत्र चालू स्थितीत हवे, त्याची रसायने संपू देऊ नयेत आणि ते हाताळणारा माणूस रात्रपाळीलाही असावा. आईला धाप लागली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

– एक वाचक, जि. सातारा