शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: मागे पडलेल्या शाळेला दुसरा शिक्षक द्या

माननीय शिक्षणमंत्री, गोवा राज्य, यांस सविनय नमस्कार.

सत्तरीतील सरकारी प्राथमिक शाळांत मी आयुष्यभर शिकवले आणि निवृत्तीनंतरही एका वाड्यावरच्या शाळेत मुलांचे वाचन घ्यायला जाते. गेल्या पावसाळ्यात तिथे तिसरीतल्या एका मुलीने मला धडा घडाघडा म्हणून दाखवला, पण तिचे बोट दोन ओळी मागेच राहिले होते. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारले, तेव्हा ती गप्प झाली. पहिली ते चौथीची मिळून 11 मुले तिथे एकाच खोलीत बसतात आणि शिकवायला बाई एकच.

आपल्याकडे शाळेची अवस्था पटावरून ठरते आणि पट घसरला की विलीनीकरणाची चर्चा सुरू होते. अनुदानित शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांना नेणारी बस, दारात येत असताना आईवडिलांनी मूल तिकडे पाठवले, तर त्यांना मी दोष देणार नाही. मात्र मागे उरलेली मुले काय शिकतात, हे पट सांगत नाही. मुले किती शिकली हे देशभर तपासणारे, 4 डिसेंबर 2024 रोजी झालेले ‘परख’ सर्वेक्षणही नमुना शाळांवरून जिल्ह्याचे चित्र देते, त्यात ही मुलगी दिसणार नाही. शिवाय 11 मुलांच्या शाळेत एक मूल गैरहजर राहिले तरी निकाल 9 टक्क्यांनी हलतो.

म्हणून भागशिक्षणाधिकाऱ्यांनी वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाजवळ बसून अनोळखी उतारा वाचून घ्यावा आणि त्याची घरची बोली कोकणी आहे की कन्नड, याचीही नोंद करावी. अशा नोंदींतून मागे पडलेल्या शाळांची जी यादी होईल, तिच्यावरून शिक्षकांना नोटिसा मात्र जाऊ नयेत. त्या गेल्या, तर पुढच्या वेळी तो उताराही मुलांकडून पाठ करून घेतला जाईल.

यादीतल्या शाळेला आधी माणूस हवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 60 पर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेला 2 शिक्षक द्यायचे आहेत. तोच कायदा शिक्षकाला निवडणुकीचे काम देण्याची मुभा देतो हे खरे, पण एकशिक्षकी शाळेतून शिक्षक उचलला की त्या दिवशी वर्ग उघडतो एवढेच, शिकवणे होत नाही.

तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने 2026-27 ची मुदत ठरवली आहे. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण तालुक्यांतील एकशिक्षकी शाळांत दुसरा शिक्षक नेमून आपण या कामाला सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सत्तरी