विनोदाची फिर्याद आणि ठाण्याचे टेबल: गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार,

कोणत्या कलाकाराचा विनोद दर्जेदार आणि कोणाचा पाचकळ, याचा निवाडा आपल्याकडे मागण्यासाठी हे पत्र नाही. तो निवाडा प्रेक्षक करतात, आणि बराच निर्दयपणे करतात. माझे म्हणणे पोलीस ठाण्याच्या टेबलापुरते आहे. एखाद्या व्यंगचित्राने, गाण्याने किंवा रंगमंचावरच्या टिप्पणीने नेत्याचा अपमान झाला, अशी फिर्याद घेऊन कार्यकर्ते आत आले की ठाणे अंमलदाराने काय करायचे, एवढाच विषय आहे.

ठाण्याबद्दल बोलतो, कारण व्यंगकाराला शिक्षा न्यायालयात क्वचितच होते. ती त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते. एफआयआर, जबाबाच्या नोटिसा, मोबाइल जमा, वकिलाची फी, रद्द झालेले कार्यक्रम. जादवपूर विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना एप्रिल २०१२ मध्ये पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांवरचे व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले जानेवारी २०२३ मध्ये. त्यांना दोषी ठरवणारा निकाल कधी लागलाच नाही, तरी पावणेअकरा वर्षे गेली ती गेलीच.

आपल्या राज्यातली पद्धतही आपल्याला माहीत असेल. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. ज्याची अब्रू गेली त्याने दंडाधिकाऱ्याकडे जावे, पोलिसांना थेट तपास करता येत नाही. मग फिर्यादीत भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ जोडले जाते, आणि प्रकरण दखलपात्र होते. हे कलम खोटी माहिती, अफवा आणि भीती पसरवणाऱ्या बातम्यांसाठी आहे. इथे जरा थांबायला हवे, कारण सगळी गफलत इथेच आहे.

अफवेला लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवावा असे वाटत असते. तिचा सगळा जीव त्या विश्वासात असतो. उपहासाचे नेमके उलटे. मंत्र्याला खुर्चीला चिकटपट्टीने बांधलेला दाखवणारा चित्रकार ही घटना घडली असे सांगत नसतो, आणि पाहणाऱ्यालाही तसे वाटत नाही. ते खरे नाही हे दोघांना माहीत असते, म्हणून तर हसू येते. ज्या क्षणी कोणी ते अक्षरशः खरे मानेल, त्या क्षणी उपहास मेला. अशा गोष्टीला ‘खोटी माहिती’ म्हणून नोंदवणे म्हणजे एकनाथांचे अर्जदस्ताचे भारूड खरा सरकारी अर्ज समजून दप्तरी दाखल करण्यासारखे आहे. शरीराचा परगणा केला, जिवाला त्याचा अंमलदार नेमला आणि सरकारी पत्राच्या थाटात वर हकिकत कळवली. नाथांना उद्या कोणी बनावट दस्तऐवजाबद्दल विचारले तर? चारशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना हे कळत होते. आजच्या तपास अधिकाऱ्यालाही कळते, याची मला खात्री आहे. फक्त न कळल्यासारखे करण्याचा दबाव त्याच्यावर येतो, आणि तो दबाव काढणे आपल्या हातात आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये बंधनांची कारणे मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, अपराधाला चिथावणी. सत्तेतल्या माणसाचे मन दुखावणे हे कारण घटनाकारांनी घातले नाही. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ही यादी वाढवली गेली, तेव्हाही ते घातले गेले नाही.

मन कोणाचे मोजायचे, याचे उत्तरही आपल्याच मातीत दिले गेले आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयाच्या न्या. व्हिव्हियन बोस यांनी एका खटल्यात लिहिले की शब्दांचा परिणाम समंजस, कणखर आणि धीट माणसांच्या मापाने तोलावा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसांच्या मापाने नव्हे. हा निकष सर्वोच्च न्यायालयाने पुढे अनेकदा उचलला. २८ मार्च २०२५ रोजी, इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुजरातमधला एफआयआर रद्द करताना, तो पुन्हा सांगितला. त्याच निकालात न्यायालयाने पोलिसांना वाटही दाखवली: अभिव्यक्तीशी संबंधित आणि तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य. त्यासाठी उपअधीक्षकांची परवानगी आणि चौदा दिवसांची मुदत कायद्यातच आहे. म्हणजे नवा कायदा करायचीही गरज नाही.

आणि आपल्या खात्याचा स्वतःचा अनुभव आहेच. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. पुढे सरकारनेच ते कलम मागे घेतले. मार्च २०१५ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने जे म्हटले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्या चित्रांत विनोद किंवा उपरोध नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. तरीही भ्रष्टाचाराबद्दलचा संताप तीव्रपणे मांडण्याचा चित्रकाराचा हक्क हिरावता येत नाही, असे त्याने नोंदवले. चित्र फसले असेल, जोक पडला असेल, तरी स्वातंत्र्य शाबूत. राजद्रोहाचे कलम लावण्यापूर्वी जिल्हा विधी अधिकाऱ्याचे आणि मग सरकारी वकिलाचे लेखी मत घ्यावे, अशीही सूचना त्यात होती. त्यानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये गृह खात्याने परिपत्रक काढले, पण त्याचा मजकूर असा उतरला की लोकप्रतिनिधींवरची टीकाच राजद्रोह ठरेल अशी भीती निर्माण झाली. गदारोळ झाला आणि काही आठवड्यांत परिपत्रक मागे घ्यावे लागले.

आता झुंडीबद्दल. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमावरून खारमधल्या स्टुडिओची तोडफोड झाली. संशयितांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. महापालिकेचे हातोडेही त्याच दिवशी तिथे पोहोचले. स्टुडिओ चालवणाऱ्यांनी जागा बंद करत असल्याचे जाहीर केले. विनोद कोणी केला आणि किंमत कोणी मोजली, हे पाहा. ध्वनिवर्धक, खुर्च्या आणि भाड्याची जागा यांना कसले मत असते? कायदा इथेही संदिग्ध नाही. जमाव चिडेल म्हणून आम्ही अभिव्यक्ती थांबवली, असे सरकारला म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात स्पष्ट केले. २०१९ मध्ये तर एका राजकीय उपहासाच्या बंगाली चित्रपटाला, सेन्सॉरचे प्रमाणपत्र असताना, चित्रपटगृहांतून गुपचूप उतरवले गेले, तेव्हा राज्य सरकारला निर्मात्यांना २० लाख रुपये भरपाई द्यायला लावले.

आपल्या लक्षात आले असेल, या यादीत सर्व रंगांची सरकारे आहेत. आज सत्तेत असलेले विरोधात असताना व्यंगचित्रे फ्रेम करून लावतात, आणि आज विरोधात असलेले सत्तेत असताना पोलिसांना फोन करतात. तरी महाराष्ट्राने तरी थोडे लाजायला हवे. बाळासाहेब ठाकरे हे आधी व्यंगचित्रकार होते आणि मग पक्षप्रमुख. १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ सुरू झाले तेव्हा त्याचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले. या अंकात आपलीच खिल्ली उडणार, हे चव्हाणांना कळत नव्हते असे समजायचे का?

इंग्रजांनी दुसरा मार्ग धरला होता. कलकत्त्यात एका प्रहसनाने राजपुत्राच्या आदरातिथ्याची टर उडवली, आणि त्यातून १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त व्हाइसरॉय कर्झनचे नाव कुठेच नाही. पण १९१० मध्ये नाटकावर बंदी घालून सरकारने जाहीर केले की कीचक म्हणजे आमचाच माणूस. उपहासावर गुन्हा नोंदवणाऱ्याच्या हातून हे नेहमी होते: चित्रातला अनाम गडी कोण, ते फिर्यादीतच लिहून द्यावे लागते. (१८७६ चा तो कायदा २०१८ मध्ये रद्द झाला. नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाला दाखवण्याची पद्धत मात्र आपल्याकडे चालूच आहे. तमाशातल्या सोंगाड्याने ऐनवेळी सुचलेली बतावणी आधी कुठे लिहून आणायची, हा प्रश्न सांस्कृतिक कार्य खात्याकडे वेगळा विचारीन.)

उपहासाच्या नावाखाली काहीही चालेल, असे मी म्हणत नाही. जातीवरून हिणवणे, एखाद्या समाजाला ठोकून काढा म्हणणे, अमुक व्यक्तीच्या घरावर जा म्हणणे, एखाद्या महिलेचे बनावट अश्लील चित्र फिरवणे, यांवर कारवाई झालीच पाहिजे आणि वेगाने झाली पाहिजे. २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, मतप्रचार आणि चिथावणी असे तीन टप्पे केले आणि कायद्याचा हात तिसऱ्यापाशी पोहोचतो असे सांगितले. रस्त्यावरचा सामान्य माणूस आणि खुर्चीतला माणूस यांत मीही फरक करीन. पहिल्याकडे उत्तर द्यायला व्यासपीठ नसते. आपल्याकडे पत्रकार परिषद आहे, सभागृह आहे, आणि मनात आले तर उलट टोला हाणायला आपले वक्तृत्व आहे.

तेव्हा विनंती अशी. राज्यातल्या सर्व पोलीस आयुक्तांना आणि अधीक्षकांना एक परिपत्रक जावे. व्यंगचित्र, गाणे, कविता, नाट्य किंवा विनोदी कार्यक्रमाविरुद्ध फिर्याद आल्यास, जिथे कलम १७३(३) लागू होते तिथे आधी प्राथमिक चौकशी व्हावी, आणि विधी अधिकाऱ्याचे लेखी मत फाइलवर असल्याशिवाय नोटीस किंवा जप्ती होऊ नये. त्या मतात न्या. बोस यांच्या मापाने शब्द तोलले का, ते लिहावे. अदखलपात्र बदनामीला दखलपात्र करण्यासाठी कलम ३५३ जोडले असेल, तर त्यातली ‘अफवा’ नेमकी कोणती आणि ती कोणी खरी मानली, ते नोंदवावे. कार्यक्रमाच्या जागेला धमकी आली तर बंदोबस्त धमकी देणाऱ्यांवर असावा, आयोजकाला कार्यक्रम रद्द करण्याचा सल्ला दिला जाऊ नये. आणि झालेल्या नुकसानीची वसुली तोडणाऱ्यांकडून व्हावी.

२०१५ चा अनुभव पाहता, परिपत्रकाचा मसुदा आधी हरकती-सूचनांसाठी जाहीर करावा. त्यावर व्यंगचित्रे येतील. त्यांची हरकतींमध्ये नोंद घ्यावी.

कळावे,

आपला,
राज्यातील एक मतदार