वेतन ताठर, पण गदा कोणावर?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

युरोपात वेतन खाली येत नाही, म्हणून तिथली बेकारी हटत नाही, असा सूर आपल्याकडच्या आर्थिक लेखनात वरचेवर लागतो. कामगार कायद्यांची चर्चा निघाली की हे विधान सिद्ध झालेल्या प्रमेयासारखे पुढे केले जाते. माझी नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात झाली. मंदी आली की पहिल्यांदा कंत्राटी कामगारांचे गेटपास बंद होतात आणि कायम कामगाराच्या पगारपत्रकाला हात लागत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून या प्रमेयाबद्दल थोडे लिहितो.

स्पेनमध्ये २००७ साली बेकारी आठ टक्क्यांच्या आसपास होती. घरबांधणीचा फुगा फुटला आणि २००९ मध्ये अर्थव्यवस्था चार टक्क्यांहून थोडी कमीच आकसली, तरी बेकारी १८ टक्क्यांच्या घरात गेली. २०१३ मध्ये तिने २६ टक्के गाठले. वेतन करार आधीच झालेले असल्याने ऐन मंदीतही करारातली वाढ चालू राहिली, इथपर्यंत ताठरतेचा आरोप मान्य. मात्र कायम कामगाराला बेकायदा कमी केल्यास सेवेच्या दर वर्षामागे ४५ दिवसांचे वेतन द्यावे लागे, तर मुदतीच्या करारावरच्या कामगाराला मुदत संपताच वर्षाला अवघे आठ दिवसांचे. दहा वर्षे काढलेल्या वेल्डरला घरी पाठवायचे तर ४५० दिवसांचा पगार मोजायचा आणि वर्षभरापूर्वी लागलेल्या पोराची आठ दिवसांत बोळवण करायची, असा हिशेब समोर असताना मालक काय करील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. मंदीपूर्वी स्पेनमधल्या दर तीन नोकरदारांपैकी जवळपास एक जण असा मुदतीचा होता.

त्याच २००९ मध्ये जर्मनीची घसरण अधिक मोठी, पाच टक्क्यांहून जास्त होती, पण बेकारी जवळजवळ जागेवर राहिली. तासाचा दर तिथेही उतरला नाही. उतरले ते तास. ‘कुर्त्सआर्बाइट’ या व्यवस्थेत मालक काम कमी करतो आणि बुडालेल्या निव्वळ वेतनाचे ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के, बेकारी विम्याच्या निधीतून मिळतात. हातात २,५०० युरो पडणाऱ्या कामगाराचे १,५०० झाले, तर वर ६०० मिळून २,१०० होतात आणि हजेरीपटावरचे त्याचे नाव कायम राहते. त्या वर्षीच्या मे महिन्यात १४ लाखांहून अधिक कामगार या योजनेत होते. शिवाय तेजीत केलेल्या जादा कामाचे तास खात्यावर जमा ठेवून मंदीत वळते करण्याची रीत अनेक कारखान्यांत होती. (आमच्याकडे अशी वही असती तर कित्येक भांडणे टळली असती.) जर्मनीचे हे यश पूर्णपणे २००३ ते २००५ च्या ‘हार्ट्झ’ नावाच्या कामगार-बाजार सुधारणांच्या खात्यावर मांडणाऱ्यांनी कुर्त्सआर्बाइट त्याहून कितीतरी जुनी आहे, हे ध्यानात घ्यावे.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा पुन्हा स्पेनचाच आहे. २०२० मध्ये तिथली अर्थव्यवस्था सुमारे ११ टक्के कोसळली, म्हणजे २००९ च्या जवळजवळ तिप्पट. बेकारी मात्र १४ टक्क्यांवरून साडेपंधरा टक्क्यांच्या आसपासच गेली. महामारीची टाळेबंदी आणि बांधकामातली मंदी यांची जात वेगळी, हे कबूल. तरीही या वेळी ‘एर्ते’ नावाच्या तात्पुरत्या कामकपातीच्या योजनेत तीस लाखांहून अधिक लोकांना सामावून घेतले गेले, आणि त्यासाठी कोणाच्याही वेतनाचा दर पाडावा लागला नाही.

२०२१ च्या अखेरीस स्पेनने मुदतीच्या करारांवर बंधने आणली आणि त्यांचे प्रमाण पुढे बरेच घटले. मात्र त्यातले बरेच कामगार ‘कायम, पण हंगामी’ या करारावर गेले आहेत, आणि हंगाम संपल्यावर घरी बसलेला असा कामगार तिथल्या नोंदणीकृत बेकारांच्या आकड्यात धरला जात नाही. तेव्हा तो आकडा वाचताना ही मोजणी कशी होते, तेही आपल्या लेखकांनी सांगावे, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर, चिंचवड