भिशीतल्या कादंबऱ्या : सुलभास पत्र

परभणी

प्रिय सुलभा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. भिशीच्या पैशांतून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढायची, त्यातून बायकांनी बायकांविषयी लिहिलेल्या कादंबऱ्या विकत घ्यायच्या आणि आळीपाळीने वाचायच्या, हा तुम्हा लातूरच्या मैत्रिणींचा बेत मला मनापासून आवडला. मात्र ‘चांगल्या, फार न रडवणाऱ्या पुस्तकांची लांबलचक यादी पाठव’ ही तुझी मागणी मी अर्धीच पुरी करणार आहे. लांब यादीतली पुस्तके बहुधा कपाटात जाऊन बसतात. म्हणून थोडीच नावे कळवते, आणि ती का वाचावीत हेही लिहिते. रडू येणार नाही याची हमी मात्र देत नाही.

निवडताना मी एकच कसोटी लावली आहे. कादंबरीतल्या बाईच्या हातात पैसा कुठून येतो, ती कोणाच्या नावावरच्या घरात राहते आणि त्या घराबाहेर पडावे लागले तर ती कोणाच्या दारी जाईल, हे लेखिकेला नक्की ठाऊक आहे का, एवढेच मी पाहते. ज्या कादंबऱ्यांत हे ठाऊक नसते, तिथे त्याग आणि सोशिकपणा यांची रेलचेल असते आणि शेवटच्या प्रकरणात नवऱ्याला उपरती होते. आपण कॉलेजात असताना असल्या पुस्तकांचा फडशा पाडला आहे. तुझ्या मैत्रिणींनीही पाडला असेलच. तेव्हा त्यांना त्याच वाटेने पुन्हा नेण्यात अर्थ नाही.

सुरुवात कविता महाजन यांच्या ‘ब्र’पासून करा. नांदेडमध्ये १९६७ साली जन्मलेली आणि २०१८ साली आपल्यातून अकाली गेलेली ही लेखिका आपल्या मातीतली आहे, हे एक कारण झाले. पण ते दुय्यम. खरे कारण असे की, २००५ साली आलेल्या या कादंबरीत एक बाई स्वतःचा मोडका संसार मागे ठेवून स्वयंसेवी संस्थेच्या कामाला लागते आणि आदिवासी भागातल्या स्त्री-सरपंचांना भेटत फिरते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत बायकांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात पुढे त्या निम्म्या झाल्या, हे आपण वर्तमानपत्रात वाचलेले असते. त्या जागेवर प्रत्यक्ष बसलेल्या बाईला ग्रामसभेत खुर्ची मिळते की जमिनीवर बसावे लागते, ठरावावर अंगठा कोण घेतो, अविश्वासाचा ठराव कोण आणतो, हे मात्र ‘ब्र’ वाचल्यावर कळते. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हा प्रकार आपल्या जिल्ह्यांतही कोणाला नवा नाही. शिवाय संस्थांच्या आतले ढोंगही लेखिकेने झाकलेले नाही. गोष्टीत गोष्ट गुंफत कादंबरी पुढे जाते, त्यामुळे काही वाचकांना ती पसरट वाटते. मला तो पसारा आवश्यक वाटतो, कारण एकाच नायिकेभोवती ती आवळून बांधली असती तर इतर बायका पुन्हा पार्श्वभूमीलाच गेल्या असत्या. त्यांचीच ‘भिन्न’ ही २००७ सालची कादंबरी एचआयव्हीबाधित बायकांविषयी आहे. ती अधिक कठोर आहे. ‘ब्र’ पचल्याशिवाय घेऊ नका.

त्यानंतर एकदम मागे, १९३४ सालात जा. विभावरी शिरूरकर यांची ‘हिंदोळ्यावर’ आज वाचताना भाषा जुनी वाटेल, संवाद कधी नाटकी वाटतील, पण विषय ऐकून तुझ्या भिशीतल्या काही जणी आजही भुवया उंचावतील. नवऱ्याने टाकलेली शिकलेली अचला विरागबरोबर लग्नाशिवाय राहते आणि तिला मूल हवे असते. त्या काळी तिच्यासारख्या उच्चवर्णीय हिंदू बाईला घटस्फोटाची सोय नव्हती. मुंबई इलाख्यात तशी तरतूद १९४७ साली आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला. म्हणजे अचलेपुढे दुसरा मार्गच बंद होता, हे ध्यानात घेऊन वाचले तर तिचा निर्णय निव्वळ बंडखोरी म्हणून दिसत नाही. लेखिकेचे खरे नाव मालतीबाई बेडेकर. ‘हिंदोळ्यावर’च्या आदल्या वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह टोपणनावाने आला तेव्हा एवढी खळबळ माजली की ही विभावरी कोण, याचाच शोध सुरू झाला. त्यांची ‘बळी’ मला वाङ्मय म्हणून अधिक थोर वाटते. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली होती, आणि १९५० साली आलेल्या त्या कादंबरीत तिथले माणूसपण गमावत चाललेले जीवन आहे. मात्र ती केवळ बायकांची कथा नव्हे, म्हणून तुमच्या बेतात ती बसते की नाही हे तुम्हीच ठरवा.

गौरी देशपांडे यांच्याविषयी तुझे माझे जुने भांडण आहे. त्यांच्या नायिका इंग्रजी बोलतात, परदेशी फिरतात, त्यांना आपल्यासारखी पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागत नाही, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. तरीही ‘एकेक पान गळावया’ हे १९८० सालचे पुस्तक मागवाच. त्यात तीन दीर्घ कथा आहेत. त्यांतली ‘कारावासातून पत्रे’ तुझ्यासारख्या पत्रवेडीने आधी वाचावी. सुखवस्तू घरातली, प्रेम मिळालेली, कोणीही न छळलेली बाईसुद्धा स्वतःशी प्रामाणिक राहू पाहते तेव्हा तिला काय काय सोडावे लागते, हे मराठीत इतक्या स्वच्छपणे आणि स्वतःची कीव न करता त्यांनीच लिहिले. छळ हेच बाईच्या कथेचे एकमेव कारण असते, ही आपली समजूत या पुस्तकाने मोडते.

शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ ही मात्र माझ्या कसोटीला सर्वांत नेमकी उतरते. थोरली मुलगी म्हणून कोवळ्या वयात नोकरीला लागलेली, आईवडील आणि बहिणी यांचा भार वाहणारी, कार्यालयातल्या विवाहित वरिष्ठाशी वर्षानुवर्षे लपूनछपून नाते ठेवणारी रीटा शेवटी मनाने कोसळते, आणि तिथून ती स्वतःला पुन्हा उभी करते. तिची मैत्रीण सरस्वती मला फार जवळची वाटते. मैत्री ही प्रेमाइतकीच कादंबरीचा विषय होऊ शकते, हे आपल्याकडे क्वचित दिसते.

आशा बगे यांच्या ‘भूमी’ला २००६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, शांत, संयत लिहिणे आवडणाऱ्यांसाठी ती ठीक. मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ त्याच्या अगदी उलट, थेट तोंडावर बोलणारी आहे. ती कोणाच्या हाती द्यायची ते पाहून दे. मराठीबाहेरचे एकच नाव घेते. बंगाली लेखिका आशापूर्णा देवींच्या ‘प्रथम प्रतिश्रुती’तली सत्यवती, आपल्या चिमुकल्या मुलीचे लग्न तिला अंधारात ठेवून लावले गेले हे कळताच भरल्या घरातून निघून जाते. तो प्रसंग वाचून तुमच्यातली एकही सासू गप्प बसणार नाही.

आता ज्याची मला खंत आहे ते लिहिते. वेरूळच्या परिसरातल्या देवगावच्या संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात आपले आयुष्य अभंगांत सांगितले, त्यात नवऱ्याची मारहाणसुद्धा लपवली नाही. त्याआधी आपल्या गंगाखेडची जनाबाई होऊन गेली. ज्या मुलखात बाईने स्वतःविषयी बोलण्याची परंपरा इतकी जुनी आहे, तिथल्या ऊसतोड करणाऱ्या बाईची, तिने स्वतः सांगितलेली मोठी कादंबरी माझ्या तरी वाचनात आलेली नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. म्हणजे तिच्या श्रमाला वेगळा हिशेबच नाही. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली देशभर गाजल्या आणि विरून गेल्या. बातमीला जे जमत नाही, ते चारशे पानांच्या कादंबरीला जमले असते. अनुभव आहे तिच्याकडे वेळ नाही, आणि वेळ आहे त्या आपण उसाच्या फडात कधी गेलो नाही.

तेव्हा पहिल्या हप्त्यात ‘ब्र’ आणि ‘हिंदोळ्यावर’ एवढीच मागवा, आणि शक्यतो प्रत्येकी दोन प्रती घ्या, म्हणजे एकीच्या घरी पुस्तक अडकून राहणार नाही. जुन्या पुस्तकांची छपाई बारीक असते, तेव्हा चष्मेवाल्यांना आधी द्या. अचलेवरून तुमच्यात वाद होणारच. कोण कोणत्या बाजूने बोलले ते नावानिशी कळव, विशेषतः तुझ्या जाऊबाई काय म्हणाल्या ते.

तुझी,
माधवी